रस्त्याखालची मोरी

मस्कतला आल्यापासून आम्ही चार घरं बदलली. सत्तरी उलटल्यावर सामान बांधायचा वीट येतो. वादी अदाईतलं पाचवं घर मुलाला आवडलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आता इथून हलायचं नाही.

सून भूशास्त्र शिकते. विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची मिळवायला आणि ती कॉम्प्युटरवर उघडायला शिकण्यात तिचा महिना गेला होता. त्यात हातभर उंचवटाही दिसतो. वादी म्हणजे पावसात अचानक भरून वाहणारी कोरडी नदी, म्हणून घर घेण्याआधी तिने त्या नकाशावर पुराचं पाणी सोडून पाहिलं. पाणी घरासमोरच्या उंच रस्त्यापाशी येऊन अडलं. पलीकडे आमचं घर कोरडं होतं.

"खलास! ठरलं तर, शुक्रवारी सामान हलवू," मुलगा इथल्या अरबांसारखं म्हणाला.

घर बघायला गेलो होतो, तेव्हा त्या रस्त्याखालून बकऱ्या येताना मी पाहिल्या होत्या. गप्प बसले असते तर माझी दगदग वाचली असती. पण त्या तळमजल्यावर नातवंडं झोपणार होती.

"अगं, रस्त्याखाली मोरी आहे. बकऱ्या येतात तिथून पाणी येणार नाही होय?"

सुनेने कपाळाला हात लावला. "आई, वरून मोजल्यावर मोरी दिसतच नाही. रस्ता बांधासारखा दिसतो."

तिने नकाशात मोरी उघडली आणि पाणी घरात शिरलं.

"शोधा आता परत घर!" मुलगा माझ्यावरच चिडला.

"शोध की. या वेळी वरच्या मजल्यावरचं बघ," मी म्हटलं. माझे गुडघे जिना चढायला तयार नाहीत, पण बोलून तर बसले.