माझ्या कामिनीला सोमवारी फूट यायची

मी एका मेलेल्या खोडाला चौदा महिने पाणी घातलं. त्यातले शेवटचे आठ महिने ते मेलंय हे मला माहीत होतं.

एवढं लिहून टाकल्यावर आता मागं फिरायला जागा नाही, तेव्हा सगळंच सांगतो.

अंबडच्या ज्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तिच्या मैदानाला कामिनीचं कुंपण होतं. कामिनी म्हणजे ते गर्द हिरव्या बारीक पानांचं झुडूप, पांढऱ्या फुलांचं, संध्याकाळी लांबपर्यंत वास येणारं. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी पोरांच्या श्रमदानातून ते लावलं. 'मी लावलं' असं मी आयुष्यभर सांगत आलो. खरं म्हणजे मी छडीनं जागा दाखवत होतो. खड्डे पोरांनी खणले आणि रोपं शाळेच्या शिपाईमामांनी लावली. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. पुढं तीस वर्षं ते कुंपण कात्रीनं कापायचं काम मामांकडंच होतं. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एकाच कॉलनीत घरं बांधली. आमच्यामध्ये एक खांद्याएवढी भिंत आहे, आणि ही सगळी गोष्ट त्या भिंतीवरून घडली.

गेल्या वर्षी शाळेत सिमेंटचे गट्टू बसवायचं ठरलं आणि कुंपणावर जेसीबी आला. शिमग्याच्या आधीचे दिवस होते. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना मुद्दाम फोन करून सांगितलं, कुणाला झुडपं पाहिजे असतील तर आजच्या आज न्या, उद्या ट्रॉलीत जातील. मी तेव्हा मोबाइलवर एका जपानी म्हाताऱ्याचे बोन्सायचे व्हिडिओ बघत असे. तो असंच कुणाच्या तरी बागेतून उपटलेलं कुंपणाचं झुडूप आणून त्याचं हातभर उंचीचं, शंभर वर्षांचं वाटणारं झाड करायचा. मला वाटलं, आपल्याला काय अवघड आहे? आपण तर विज्ञानाचे.

मी पोचलो तेव्हा मामा आधीच खड्ड्यात उतरलेले. जेसीबी अजून लांब होता आणि मामा टिकावानं एका बुंध्याभोवती माती सोडवून राह्यले होते, मुळं न तोडता, गोल. बाजूला ओलं गोणपाट ठेवलेलं.

"सर, हे तुम्ही घ्या," ते खालूनच म्हणाले. "याच्या मुळ्या बराबर निघाल्यात. मी दुसरं काढतो."

मी बघितलं. मनगटाएवढं खोड, मधेच कोपरासारखं वाकलेलं, वर चार काटक्या.

"मामा, हे वाकडंय."

"मंग? तीस वर्षं कापल्यावर वाकडंच व्हणार की. सरळ पाहिजे असंल तर निलगिरी लावा."

मी हसलो आणि जेसीबीनं उपसलेल्या ढिगाकडं गेलो. त्यात मांडीएवढं जाड, ताठ, पैलवानासारखं एक खोड पडलं होतं. तेच घेतलं. त्याला मुळं नव्हती असं कुणी म्हणू नये. एक सोट होता, तोही चिरलेला, आणि त्याला दोन-चार केस. तीस वर्षं मी सातवीच्या पेपरात 'मुळांची कार्ये लिहा' हा प्रश्न टाकला. त्या दिवशी तो मला आला असता तर मी नापास झालो असतो.

म्हणजे ते वाकडं झाड माझं होता होता राहिलं. हे वाक्य पुढचं वर्षभर मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल, त्याला मोजदाद नाही.

जालन्याच्या नर्सरीतून मी निळा, चकचकीत, उथळ ट्रे आणला. फांद्या वळवायला जुन्या मोटारीतली तांब्याची तार काढून ठेवली. मामांनी फुटक्या रांजणाचं बूड घेतलं, त्याला खाली भोक पाडलं, ते वाकडं झाड लावलं, वरून गोणपाट गुंडाळलं आणि ते मोरीशेजारच्या सावलीत ठेवून दिलं. ठेवून दिलं ते दिलंच. सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवायचे, बाकी त्याच्याकडं ढुंकून बघायचे नाहीत.

मी मात्र बघत होतो. व्हिडिओत त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की झाड जिवंत आहे का हे कळण्यासाठी नखानं साल थोडीशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. मी खरवडली. हिरवं! इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी परत खरवडली, दुसऱ्या जागी. परत हिरवं. मग तो नेमच झाला. चहा झाला की अंगणात जायचं, खरवडायचं, हिरवं बघायचं आणि समाधानानं पेपर वाचायला बसायचं. महिन्याभरात खोडाला खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं.

"अहो, ते जगेल हो, पण तुम्ही त्याला जगू द्या की," बायको म्हणाली.

नखांवरून आठवलं. शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर मी पोरांची नखं तपासायचो. हात पुढं, पंजे पालथे. ज्याची वाढलेली, त्यानं रांगेबाहेर. मामा नेलकटर घेऊन माझ्या शेजारी उभे असायचे. अंबडात आज चाळिशीला आलेले कितीतरी लोक मला रस्त्यात भेटले की आधी हात खिशात घालतात.

एप्रिलमध्ये माझ्या खोडाला दोन कोंब आले. मामांच्या झाडाला अजून काहीच नव्हतं. भिंतीवरून मी हाक मारली.

"मामा, फूट आली आमच्याला!"

"आरे वा! आता बिलकुल हात लावू नका, सर. अंगातल्या रसावर फुटून राह्यलं ते. खाली मुळी धरली का न्हाई, कुणाला ठावं."

मुळी धरली का नाही! हा प्रश्न आला आणि मला राहवेना. त्याच दुपारी मी झाड ट्रेमधून उचलून खाली बघितलं. मुळी नव्हती. परत लावलं. आठ दिवसांनी परत उचलून बघितलं. तिसऱ्या खेपेला कोंब सुतळीसारखे लोंबत होते.

आणि नेमकं तेव्हा मामांच्या त्या वाकड्यानं डोळे उघडले. एका ठिकाणी नाही, कोपरापासून शेंड्यापर्यंत, सगळीकडून.

मला हेवा वाटला असं म्हटलं तर ते फारच सभ्य होईल. माझा जळफळाट झाला. मी बादली पालथी घालून तिच्यावर उभा राहून भिंतीपलीकडची पानं मोजायचो. तांब्याची तार माझ्याकडं होती आणि फांद्या मामांच्या वळत होत्या, कशानं, तर सुतळीला बांधलेल्या दगडानं! ज्या माणसानं मला तीस वर्षं घंटा वाजवून तास संपल्याचं सांगितलं, त्याच्याकडं झाड आणि माझ्याकडं ट्रे. कॉलनीतले लोक संध्याकाळी फिरायला निघाले की त्यांच्या फाटकाशी थांबायचे. पाऊसकाळात झाडाला फुलं आली तेव्हा वास भिंतीला विचारून येतो थोडाच. माझ्या अंगणात बसून मला मामांच्या झाडाचा वास घ्यावा लागायचा. बायको तर खुर्चीच तिकडं तोंड करून टाकायची. वर्तमानपत्राच्या तालुका पानासाठी कुणी वार्ताहर मामांचा झाडासह फोटो काढून घेऊन गेला. त्या फोटोत मीही आहे. नीट बघितलं तर डावीकडं, भिंतीच्या वर, अर्धं डोकं.

ऑगस्टच्या शेवटी एकदा मी सगळीकडून साल काढून बघितली. हिरवं कुठंच नव्हतं. आत बिस्किटासारखं कोरडं.

त्याच संध्याकाळी मामांनी विचारलं, "सर, तुमचं कसंय? तुम्ही काही बोलून न्हाई राह्यले."

"मस्तंय," मी म्हणालो.

बास, तिथं फसलो. मस्त आहे म्हटल्यावर मस्त दिसायला पाहिजे. मी ट्रे भिंतीपासून लांब, पाण्याच्या टाकीच्या पायथ्याशी नेला. ड्रिलनं खोडाला आठ-दहा बारीक भोकं पाडली, त्यांत ओला कापूस कोंबला आणि कापसात कामिनीच्या डहाळ्या खोचल्या. डहाळ्या कुठल्या? मामांच्याच. ते दर रविवारी झाडाची वाढलेली टोकं छाटायचे आणि ते काप भिंतीच्या कडेला टाकायचे. त्यातले बरेचसे माझ्या बाजूला पडायचे. रविवारी दुपारी ते झोपले की मी गोळा करायचो आणि सोमवारी माझ्या झाडाला फूट यायची. शनिवारपर्यंत ती माना टाकायची. तोवर रविवार यायचा.

आणि पाणी? पाणी रोज घालत होतो. मामा बघतात म्हणून असेल. पण ते गावाला गेलेले असायचे तेव्हाही घालायचो, त्याचं कारण मला आजही देता येत नाही.

थंडीत मामांची छाटणी थांबली आणि माझी पंचाईत झाली.

"पानगळ झालीय," मी भिंतीवरून जाहीर केलं.

"कामिनीला?" मामा म्हणाले. बारमाही हिरव्या झाडाला पानगळ कुठली, हे त्यांना शिकवायला नको होतं. त्यांचं हे एका शब्दात विचारणं मला शाळेपासून भारी पडत आलंय.

शेवटी मी आमच्या कढीपत्त्याकडं वळलो. दोन्ही झाडं एकाच कुळातली, हे मी शिकवलेलं आहे. लांबून बघितलं तर पान फसवतं. फक्त बायको फोडणी टाकायच्या घाईत दोन-तीनदा माझं बोन्सायच ओरबाडून घेऊन गेली.

यंदाच्या एप्रिलच्या शेवटी, सकाळीच फाटक वाजलं. मामा दारात उभे, हातात रांजणाचं बूड, त्यात ते झाड. इतक्या जवळून मी ते पहिल्यांदाच बघत होतो. तो वाकडा कोपर असा होता की जणू म्हातारा माणूस ओट्यावर रेलून बसलाय. वर हिरवी छत्री. खालून मुळं मातीला बोटांसारखी धरून. मी डोळे काढून त्याला चिकटवायचे तेवढे बाकी होते.

"सर, पोरीचं बाळंतपण हाये, पुण्याला. तिला सुट्टी न्हाई, म्हणून आम्हीच चाललो. सहा महिने तरी. तिथं चवथ्या मजल्यावर ऊन न्हाई. हे तुमच्याकडं ठेवून जातो."

वर्षभर ज्याच्यासाठी जळलो ते माझ्या ओट्यावर आपण होऊन आलं होतं. मी हात पुढं केले आणि ते हात तिथंच थांबले. मला माझी नखं दिसली. हे झाड माझ्याकडं आलं तर जाणार, आणि कसं जाणार तेही मला दिसलं. एक दिवस सहज, फक्त बघायला, थोडीशी साल.

"मामा, दुसऱ्या कुणाकडं द्या," मी म्हणालो.

"का बरं?"

"माझं झाड..." मी टाकीकडं बोट केलं. "मेलंय ते. कधीच मेलंय."

मामांनी त्यांचं झाड ओट्यावर ठेवलं. टाकीपाशी गेले. एक डहाळी धरली, ती कापसासकट हातात आली. त्यांनी पान चुरगळलं, नाकाला लावलं.

"फोडणीचा वास येऊन राह्यला," ते म्हणाले.

घरातून बायकोचं हसू ऐकू आलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या कात्रीचा काप मी वळखत न्हाई का, सर? तुम्हाला हुडकायला लागू नये म्हणून तर मी तुमच्या बाजूला टाकत होतो. थंडीत दोन-चार टाकायला पाहिजे होते, पण झाडाला सोसलं नसतं."

मी ओट्यावर बसलो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलंही. पण खरं सांगतो, त्याही वेळी मनात पहिलं आलं ते हेच, की या माणसाला झाडही जमतं आणि हेही जमतं.

"मग एवढं माहीत असून माझ्याकडं का आणलं?"

"गल्लीत दुसरा कोण हाये असा? जिवंत झाडाला चार दिवस पाणी घालून लोक इसरतात. तुम्ही मेलेल्याला घालत राह्यले. मी भिंतीवरून बघत होतो, एक दिवस खाडा न्हाई. ज्यानं मढ्याला पाणी घातलं, तो जित्याला घालंल की." त्यांनी रांजणाचं बूड माझ्याकडं सरकवलं. "दोन येळा पाणी. उन्हात ठेवायचं न्हाई. उचलायचं न्हाई. बाकी काही करायचं न्हाई."

"बाकी काही नाही," मी म्हणालो.

मामांनी फाटकापर्यंत जाऊन परत मागं वळून बघितलं. मग परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले, सोमवारी प्रार्थनेनंतर मी पोरांसमोर उभा राहायचो बरोबर तसे.

"हात पुढं करा, सर. पालथे."

मी केले. बायको उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. मामांनी माझी दहाही नखं सावकाश बघितली.

"हे चालायचं न्हाई," ते म्हणाले. "आधी नखं कापून या, मंगच झाडाला हात लावा."