यादीतलं खोडलेलं नाव

महायुद्धाच्या काळात, कॉलेजच्या सुट्टीत मी माथेरानच्या एका हॉटेलात कारकुनी करत होतो. तिथे रजेवर आलेला एक अमेरिकन सैनिक रोज व्हरांड्यात वही घेऊन बसे. त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकून संघ चालवणाऱ्या गड्याला क्वार्टरबॅक म्हणतात. पेन्सिल जिभेला लावत तो अशा धंदेवाईक गड्यांचा क्रम लावी.

"सगळ्यात लांब फेकतो तो पहिला का?" मी विचारलं.

"नाही. अंगावर माणसं धावून येताना जो जागचा हलत नाही, तो."

तळाशी एक नाव खोडलेलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं.

"तो मी. युद्धाआधी मीही खेळायचो. आघाडीवर गोळी आली, मी वाकलो. मागे माझा मित्र होता. तो गेला."

पाहुण्यांना फिरवणारे घोडेवाले काका घोडा घेऊन पायरीशीच उभे होते.

"काय म्हनतोय रं सायब?"

मी सांगितलं.

"त्याला सांग, एकदा बिचकला म्हनून आमी घोडा टाकत नाय."

आमच्या घरात इंग्रजी शिकलेला मी पहिला, पण 'बिचकला'ला इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी काकांनीच साहेबाचा हात धरून घोड्याच्या मानेवर ठेवला. घोडा जागचा हलला नाही.