न्यायला आलेला ट्रॅक्टर

धावपट्टीकडे निघालेलं आमचं विमान ब्रेकच्या बिघाडाने मध्येच थांबलं. आता ट्रॅक्टर ते ओढून परत नेणार होता. सगळ्यांनी घरी फोन लावले. शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, तुम्ही जेवून घ्या. माझ्यासाठी थांबू नका.” मग मला विचारलं, “तुम्ही नाही कळवत घरी?”

“रेंज नाही.”

“मग माझ्यावरून लावा ना.”

खिडकीतून तो बुटका ट्रॅक्टर येताना दिसला. एवढं अवाढव्य विमान, पण अडलं की त्यालाही न्यायला कुणीतरी येतं. सकाळी कुलूप लावताना मी सवयीने ‘येतो’ म्हणालो होतो. आत कुणी नसलं तरी ‘जातो’ म्हणायला जीभ रेटत नाही.

मी घरचा लँडलाइन लावला. रिकाम्या घरात बेल वाजत राहिली.

“कामात असतील,” बाई म्हणाल्या. मी मान डोलावली.