काचेवरचा तळहात

त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. बीदरच्या नव्या म्युझियमचा आराखडा माझा होता. गावालाही तो बघू दे, म्हणून आम्ही त्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल शाळेच्या एका खोलीत ठेवलं होतं. लोक यायचे, माना डोलवायचे, जायचे. हे म्हातारे बिदरी कारागीर मात्र तासभर हलले नाहीत. काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेल्या बिदरीच्या भांड्यांसाठी मी हौसेनं काचेच्या छताचं दालन केलं होतं. खिडकीतलं ऊन नेमकं त्यावर पडत होतं आणि त्यांनी वर आपला काळवंडलेला तळहात आडवा धरला होता.

"अप्पा, हात कामून धरलाव?" मी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या हातानं खिशातून पुडी काढली. किल्ल्यातल्या जुन्या पडक्या खोलीतली माती होती. चिमूटभर जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिटले, मग पुडी माझ्यापुढे केली. मी याच जिल्ह्यातल्या हुलसूरची, घरात बिदरी सुरई बघत वाढलेली. पण ही माती कधी चाखली नव्हती. खारट लागली, जीभ ओढणारी.

"भांड्याला काळं हीच आणती, अक्का. किती पिढ्या झाल्या, हिनं ऊन न्हाई बघितलं. अन् तुमी हिच्या लेकराला उन्हात बसवायलाव व्हय?"

उजेड कसा आणायचा, हे मी वर्षानुवर्षं शिकले होते. अंधारही जपावा लागतो, हे कुणी असं जिभेवर ठेवलं नव्हतं.

मी पुठ्ठ्याचा तुकडा कापला आणि त्या काचेवर ठेवला.

तेव्हा कुठं त्यांनी हात काढला.