मामाजीची सहाण

पोट्टीचा लंगोट लाल झालता हो! लालभडक! मी तशीच ओरडली, "मामाजी, तुमच्या गुटीनं माही पोट्टी मरते आता!" अन् वाटीतली गुटी त्याइच्याच समोर मोरीत ओतली.

मामाजी म्हंजे माह्या नवऱ्याचे मामा. अख्ख्या वऱ्हाडात असा हट्टी मानूस दुसरा नसंन. मले सासू नाही, म्हनून पोट्टी झाली तसे अमरावतीजवळच्या वलगावचा भाजीचा मळा भावाच्या हवाली करून आमच्याकडे अकोल्याले आले. संगं काय आनलं, तं वारलेल्या मामीच्या लुगड्याचे लंगोट अन् तिचीच दगडी सहाण. रोज सकाळी मांडी घालून बसत, जायफळाचा एक वेढा, हळकुंडाचे दोन, मोजून उगाळत. मी दहावी नापास, पन मोबाइल पाह्यते ना! मोबाइलातली बाई म्हने गुटी देऊ नका. मले वाटे, जुन्या मानसाले काय कळते. मामाजी म्हनत, "त्या बाईचं लेकरू दिसलं काय तुले कधी?" डायपर पायला की त्याइचं तोंड वाकडं. "लेकरू हाय का पार्सल? इतकं कसून बांधलं!" मोबाइलनं कान उकळते म्हनून सोताचा फोन तुरीच्या दाळीच्या डब्यात ठेवत. तो वाजला तं शेजारीन एकदा देवाचं नाव घेत पळाली.

तं त्या दिवशी मी एका पायात चप्पल घालून आटो बोलवाले निंघाली. मामाजीनं लंगोट उचलला, खिडकीपाशी नेला, अन् माय वं, चक्क हुंगला!

"काहून वं सूनबाई, काल काय चारलं तिले?"

मी हळूच म्हनलं, "बीट. मोबाइलातल्या बाईनं सांगतलं होतं."

"मंग बीटच हाय हे. जलम गेला माहा बीट उपटन्यात, मले कळनार नाही काय?"

पोट्टी खाली पडून खिदळून राहिली होती. मी बी हसली, रडत रडत. मामाजी नाही हसले. त्याइनं लंगोट धुतला, सहाण धुतली, अन् दुपारच्या अमरावतीच्या गाडीनं निंघाले. "मळ्यात काम हाय," म्हने. सहाण इथंच ठेवली. "राहू दे. दाराले टेकू लावाले होईन."

आता रोज सकाळी पोट्टी रांगत रांगत मामाजी बसत त्या कोपऱ्यात जाते, सहाणीवर हात आपटते अन् दाराकडे पाह्यते. मी फोन लावते. तिकडे दाळ वाजत असंन, उचलते कोन?

म्हनून रविवारी मीच वलगावले चालली, पोट्टीले कडेवर अन् सहाण पिशवीत घेऊन. जाईन तं खरी. पन त्याइच्या समोर उभी राहून पयला शब्द काय काढू? तुमी माह्या जागी असते, तं काय केलं असतं?