कौसल्याबाईंचा पोळपाट

कौसल्याबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी पापडांसाठी उडदाची डाळ निवडत बसले होते. त्यांचा मुलगा सायकल भिंतीला टेकवून दारातच उभा राहिला. "मावशी, माय गेली..." एवढंच बोलला. महिना होत आला, ती डाळ अजून डब्यातच आहे.

लग्न होऊन मी तुमसरहून बालाघाटला आले, तेव्हा आमच्या माणसांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. हे तिरोडीच्या खाणीत, घरी येणार ते रविवारी. एकटीला घर खायला उठायचं. शेजारच्या कौसल्याबाईंनी मला हाताला धरून गल्लीतल्या पापडांच्या बैठकीत नेऊन बसवलं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, आपापला पोळपाट घेऊन जायचं. लाटण्यापेक्षा तोंडंच जास्त चालायची! मी सगळ्यांकडे लाटून आले आणि मग माझी पाळी आली.

पापड लाटायला बसलं की कच्ची लाटी तेलात बुडवून खायचीच असते. दीक्षा घेतली तरी गल्लीच्या लेखी आमची जात तीच होती. आमच्या घरची लाटी कोण तोंडात घालणार? पीठ कुटून, सतरंजी अंथरून मी दाराकडे बघत बसले... ऊन अंगणात आलं तेव्हा कौसल्याबाई आल्या. मागे बैठकीतल्या गोदाबाई आणि शांता, जरा अवघडलेल्या.

"तोंड काहून उतरलं वं? मले लाटी दे आधी," कौसल्याबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. सावकाश चावत राहिल्या. माझा जीव टांगणीला. मग म्हणाल्या, "खार कमी पडला. तुले पीठ भिजवता येते का नाही?"

"पाहू दे मले," म्हणत गोदाबाईंनी हात पुढे केला, मग शांतानं. दुपारपर्यंत पापड कमी झाले आणि लाट्याच जास्त संपल्या. इतकी सुखावले होते मी की चुलीआड जाऊन रडून घेतलं.

निघताना कौसल्याबाईंनी पोळपाट उचललाच नाही. "राहू दे इथंच. पुढच्या साली यायचंच हाय, ओझं काहून वाहू?"

तो कायमचा राहिला. माझी बाळंतपणं या तिघींनी केली, भांडणंही कमी केली नाहीत. पण माझ्या पिठाला कौसल्याबाईंनी कधी चांगलं म्हटलं नाही. दरवर्षी खार कमीच!

परवा पोळपाट धुऊन त्यांच्या सुनेला द्यायला गेले. ती म्हणाली, "तिकडंच राहू द्या, मावशी. तुमच्या पाळीले मले यायचंच हाय ना."

उद्या डाळ दळायला देते. खार मात्र जरा कमीच घालणार आहे... कोणीतरी म्हणायला हवं.