कोळसा झालेल्या झाडाचं नाव

इब्राहिमभाई गेल्याचं रज्जाकशेठनी मला फोनवर सांगितलं आणि त्याच फोनवर चौथ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रणही दिलं. सौदीतल्या खमीस मुशैत शहराबाहेर शेठची कोळशाची वखार आहे, तिच्या मागच्या अंगणात जेवण होतं. शेगड्यांवर मटण भाजत होतं. इब्राहिमभाईंनी जो कोळसा परत पाठवा म्हणून सांगितलं होतं, तोच खाली फुललेला होता, आणि शेठ प्रत्येकाला सांगत होते, “असा पारखी माणूस परत मिळायचा नाही.” मला शिसारी आली. तरी मी ताट हातात घेतलं... म्हणजे ती शिसारी थोडी स्वतःचीही होती.

इब्राहिमभाई गुहागरकडचे. वखारीत आलेला माल तपासणं हे त्यांचं काम. मी इथल्या भारतीय शाळेचं ग्रंथालय सांभाळतो. माझ्याकडून ते जुनी मराठी मासिकं न्यायचे, आणि परत आलेल्या प्रत्येक अंकावर काळा अंगठा उमटलेला असायचा. “वाचल्याची पावती, सर,” म्हणायचे. या देशात झाड तोडायला बंदी आहे, दंडही जबर आहे. चांगलंच आहे. पण हिवाळ्यात डोंगरावर बसून मटण भाजायची हौस त्यामुळे कमी होत नाही. ती समुद्रापलीकडे, आफ्रिकेतल्या लोकांच्या झाडांवर जाते.

तीन वर्षांपूर्वी शेठनी त्यांना माल ठरवायला पश्चिम आफ्रिकेतल्या एका गावी पाठवलं होतं. परतल्यावर कितीतरी दिवस ते तेवढंच बोलत. तिथलं रान गावच सांभाळतं. पंचायत बसून यंदा कोणत्या तुकड्यातली झाडं तोडायची ते ठरवते; बाकी तुकड्यांत कुऱ्हाड न्यायची नाही. शिया नावाचं झाड तर कुठेच तोडायचं नाही, कारण त्याच्या बियांचं लोणी काढून बायका घर चालवतात. पंचायतीतल्या हलीमा नावाच्या म्हातारीने त्यांच्याकडून शब्द घेतला, की शियाचा कोळसा आला तर परत पाठवीन. “लागत्या काजूवर आपल्याकडे कोण कुऱ्हाड घालील काय, सर?” ते मला विचारायचे.

गेल्या वर्षी तो कोळसा आलाच. जळूनही सालीवरच्या मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा तशाच होत्या. चोरून तोडलेल्या झाडांचा माल, म्हणून स्वस्त. मी तेव्हा वखारीतच बसलो होतो.

“शेठ, हा परत जाईल.”

“कोळसा झाल्यावर झाडाचं नाव कशाला विचारतोस रे? गिऱ्हाईक काय लोणी मागतंय?”

“मी शब्द दिलाय.”

“तू दिलास ना? मग तू पाळ. वखार माझी आहे. खलास.”

माल राहिला. इब्राहिमभाईंना तपासणीवरून काढून दुकानात पिशव्या भरायला बसवलं. नोकरी सोडली असती तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाही गेला असता, आणि दोन मुली रत्नागिरीत शिकत होत्या. ते पिशव्या भरत राहिले. मासिकं न्यायला येणं मात्र थांबलं.

जेवणानंतरच्या आठवड्यात त्यांच्या खोलीतलं सामान बांधताना त्यांचा फोन सापडला. चालू होतो का म्हणून चार्जिंगला लावला, आणि थोड्या वेळाने तो वाजला. हलीमाबाईंचा भाचा होता; मदरशात शिकवतो, अरबी जाणतो. माझ्या मोडक्या अरबीत मी बातमी दिली. मागून म्हातारीची दुआ ऐकू आली. मग तिने त्याच्याकरवी विचारलं, “तिकडे आता शियाचा कोळसा येत नाही ना?”

“येतो,” मी म्हणालो.

भाच्याने ते म्हातारीला सांगितलं.

“इब्राहिमने तर बंद झाला म्हणून सांगितलं होतं,” भाचा म्हणाला. “म्हणून आम्ही रानातले पहारेकरी घरी पाठवले.”

त्या दिवशी मी गेलेल्या माणसावर मनापासून चिडलो. एका म्हातारीसमोर लाज वाचवायला त्यांनी तिचं रान उघडं टाकलं होतं. तरी त्यांच्या बाजूने काही सापडतं का ते मी शोधत राहिलो. अजून शोधतो आहे.

मुलींना विचारून फोन मी ठेवून घेतला. दर शुक्रवारी नमाजानंतर तो वाजतो, तिकडून भाचा आणि म्हातारी असतात. त्याच्या आदल्या दिवशी मी वखारीत जातो आणि गोण्या उघडून साल पाहतो. शेठ हसतात, “सर, तुम्ही कधीपासून कोळसा घ्यायला लागलात?” मी पुढची गोणी उघडतो.

काय सापडलं ते शुक्रवारी हलीमाबाईंना सांगतो.